चालत्या गाडीत टॉर्च लावला तर उजेडाचा स्पीड का नाही वाढत?

कॉमर्सवाला_बाबा:
नमस्कार मंडळी, मुलगी अकरावी सायन्सला आहे आणि तिच्या शंका आता माझ्या आवाक्याबाहेर चालल्यात. तिचं म्हणणं असं की अवंतिका एक्स्प्रेस ताशी १०० किमीनं चाललीय, आत कोणी पुढच्या दिशेला २० नं बॉल फेकला तर प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला तो १२० नं जाताना दिसणार, मग बॉलऐवजी टॉर्च लावला तर उजेडात पण गाडीचे १०० मिळायला हवेत ना, पण पुस्तक म्हणतं नाही मिळत. का? फॉर्म्युले कमी करून सांगा प्लीज.

लोलक:
पुस्तक बरोबर आहे. उजेडाचा वेग सेकंदाला साधारण २,९९,७९२ किमी, गाडीतल्यानं मोजला तरी तेवढाच आणि प्लॅटफॉर्मवरच्यानं मोजला तरी तेवढाच. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांनी हेच तपासलं, पृथ्वीच सूर्याभोवती सेकंदाला ३० किमीनं पळतेय तर वेगवेगळ्या दिशांना उजेडाच्या वेगात फरक सापडायला हवा होता, सापडला नाही. लोकं बरीच वर्षं डोकं खाजवत बसली. मग १९०५ मध्ये आइन्स्टाइन, तेव्हा बर्नला पेटंट ऑफिसात नोकरी करत होता, तो म्हणाला की वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, वेग हलत नसेल तर अंतर आणि वेळच दोघांना वेगवेगळे मोजले जात असणार. सगळी गंमत इथंच आहे, दोघांचं घड्याळ एकाच चालीनं चालतं हे आपण न तपासताच धरून बसलो होतो.

आणि तुमच्या बॉलचे पण पुरते १२० होत नाहीत बरं का! किंचित कमी भरतात, पण इतके किंचित की फरक दशांशचिन्हानंतर बारा शून्यांनी सुरू होतो. उजेडाच्या अर्ध्या वेगानं जाणाऱ्या यानातून पुढं अर्ध्या वेगानं काही सोडा, बेरीज पूर्ण १ नाही येत, ०.८ येते.

टाइमपास_भिया:
थोडक्यात काय, सगळं सापेक्ष आहे 😄

लोलक:
उलट! अख्खी थिअरी उभीय ती न बदलणाऱ्या एका गोष्टीवर.

राजेंद्रनगरकर:
अहो, इंदूरात राहून अवंतिकेचं उदाहरण कशाला, आपल्याकडे कॅट आहे की, आताचं RRCAT, अणुऊर्जा खात्याचं संशोधन केंद्र. तिथं इंडस-१ या इलेक्ट्रॉन गोल फिरवणाऱ्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनला ४५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट एनर्जी असते आणि त्याचा वेग उजेडापेक्षा सेकंदाला जवळपास १९० मीटरच कमी पडतो. इंडस-२ मध्ये एनर्जी २५० कोटी, म्हणजे साडेपाच पट, आता वेग किती वाढावा? अजूनही कमीच, फक्त कमतरता १९० वरून ६ मीटरवर येते. कितीही ढकला, शेवटचे ते थोडे मीटर काही मिळत नाहीत. मुलीला हे आकडे दाखवा.

जुना_मास्तर:
म्हणजे वस्तुमान वाढतं म्हणून, असं आम्ही शिकवायचो.

राजेंद्रनगरकर:
सर, हल्लीची बरीच पुस्तकं ते टाळतात, एनर्जी आणि संवेग वाढतात एवढंच म्हणतात. हिशेब तोच येतो, पण पोरांना वाटतं इलेक्ट्रॉन फुगला.

कॉमर्सवाला_बाबा:
वा, आकडे एकदम भारी! पण तिचा पुढचा प्रश्न तयारच आहे, पळणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं हे कोणी पाहिलंय का, की नुसता कागदावरचा हिशेब?

लोलक:
पाहिलंय. म्युऑन नावाचा कण वातावरणात साधारण १५ किमी वर तयार होतो, सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात उजेडाच्या वेगानं पळाला तरी ६६० मीटर जाईल, म्हणजे बहुतेक सगळे वरच संपायला हवेत. पण ते जमिनीपर्यंत भरपूर येतात, कारण आपल्या हिशेबानं त्यांचं घड्याळ हळू चालतंय. तिला विचारा, म्युऑनच्या बाजूनं बघितलं तर त्याचं स्वतःचं घड्याळ नीटच चालतंय, मग तो खाली पोचला कसा? उत्तर देईल ती, अंतराकडे बघ म्हणावं.