खरी गुळवेल ओळखायची कशी? सोमवारच्या आत उत्तर हवं आहे (इंदूर)

जाईजुई
गुळवेल आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी एक वेल असते म्हणे. दोन्हींतला फरक कुणी नेमका सांगेल का? फोटो चढवून पाहिला, चढत नाहीये. पानं हृदयाच्या आकाराची, वेल कडुनिंबावर गेलेली. नेटवर शोधलं तर जिकडेतिकडे तोच एक फोटो. सोमवारच्या आत हवं आहे. गुळवेलीने प्रतिकारशक्ती वाढते हे कृपया सांगू नका. फक्त ओळख सांगा.

रामबागवाले_काका
कडुनिंबावर चढलेली आहे म्हणजे नीम गिलोय (गिलोय म्हणजे हिंदीत गुळवेल). भाग्यवान आहात. पेन्सिलीएवढी जाड काडी घ्यायची, दोन-तीन डोळे असलेली. पाऊस सुरू झाला की तिरपी खोचायची, लगेच धरते. कुंडीत लावणार असाल तर खाली विटांचे तुकडे घाला, पाणी साठू देऊ नका. आधाराला दोरी बांधलीत तरी चालेल.

जाईजुई
काका, लावायची नाहीये. ओळखायची आहे.

प्रयोगशाळा_नं_3
मी फार्मसी कॉलेजात वनौषधी शिकवते. आधी सांगा, सोमवारी काय आहे? कुणी खातंय का ही वेल? खोड केवढं जाड आहे? फुलं-फळं दिसतात का? "हृदयाच्या आकाराची पानं" एवढ्यावर मी माझ्या विद्यार्थ्यांनाही मार्क देत नाही, कारण दोन्ही वेलींची पानं तशीच असतात.

जाईजुई
खोड अंगठ्याएवढं. त्यावर बारीक पुटकुळ्यांसारखं काहीतरी आहे. म्हणजे ती दुसरीच ना? फळं नाहीत. बाबा काढा घेतात.

प्रयोगशाळा_नं_3
पुटकुळ्या दिसल्या म्हणून लगेच दुसरी ठरत नाही. जुन्या गुळवेलीच्या खोडावरही श्वसनरंध्रांचे बारीक उंचवटे असतात. असं करा. नखाने वरची साल खरवडा. खऱ्या गुळवेलीची, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाची, करडी साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते आणि खाली हिरवंगार दिसतं. मग ब्लेडने आडवा काप घ्या. मधून कडेकडे जाणाऱ्या आऱ्या दिसतील.
दुसरी वेल टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर ठळक गाठी असतात, दाट, बोट फिरवलं की टोचतात. खोड करडं, आणि कापल्यावर दुधट चीक येतो. गुळवेलीच्या फुलाला सहा पाकळ्या, क्रिस्पाला तीन. गुळवेलीचं पिकलं फळ गोल आणि लाल, क्रिस्पाचं लांबट आणि नारिंगी. पण नर आणि मादी वेली वेगळ्या असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं फळ दिसलं नाही तरी तो पुरावा धरू नका.
आता सांगा, बाबांना काय झालंय?

जाईजुई
लिव्हरचा रिपोर्ट वाढलाय. एसजीपीटी, म्हणजे रक्तातलं यकृताचं एन्झाइम, 212. डॉक्टरांनी विचारलं, घरगुती काय घेता? बाबा म्हणाले गुळवेल. त्यावर डॉक्टर म्हणाले, कुठली वेल ते पाहून सोमवारी सांगा.

हिरवा_काढा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. पण गुळवेलीला बदनाम करू नका. आपल्या शास्त्रात तिला अमृता म्हटलंय. माझे आजोबा 91 व्या वर्षापर्यंत रोज घेत होते. गडबड झाली असेल तर त्या क्रिस्पाने. 2022 मध्ये आयुष मंत्रालयानेही तेच सांगितलं, सारख्या दिसणाऱ्या वेलीपासून सावध राहा.

यकृतमित्र
अर्धीच गोष्ट सांगताय. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. सगळे गुळवेल घेणारे, सगळ्यांच्या यकृताला इजा. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांतून 43 रुग्णांचा अभ्यास आला. काही जणांनी घेतलेली वेल तपासली तेव्हा ती कॉर्डिफोलियाच निघाली. थायरॉइड किंवा तसलाच स्वप्रतिकारशक्तीचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार आधीपासून असणाऱ्यांना जास्त सांभाळायला हवं. आजोबांना चाललं ते सगळ्यांना चालेल, असं नसतं.

हिरवा_काढा
कोविडात लोकांनी चहासारखे काढे ढोसले. मात्रा नको पाहायला? कुठलंही औषध असंच उलटेल.

यकृतमित्र
तेच म्हणतोय. ते औषध आहे. मग औषधासारखंच वागवा, नाव, मात्रा, किती दिवस, सगळं लिहून.

प्रयोगशाळा_नं_3
तुमचा वाद चालू द्या, पण मला एक खटकतंय. जाईजुई, बाबा ह्याच वेलीचा काढा घेतात ना?

जाईजुई
नाही. वेल शेजारच्यांची आहे, सुदामा नगरात. पावसाळ्यात त्यांच्याकडून ताजी आणतात. एरवी सियागंजातून सुके तुकडे आणतात, कागदाच्या पुडीत.

प्रयोगशाळा_नं_3
मग सध्या पोटात जातंय ते पुडीतलं! वेलीचं खोड खरवडून सोमवारचं उत्तर मिळणार नाही. पुडी आहे तशी घेऊन जा, फेकू नका, धुऊ नका, डब्यात ओतून दुसऱ्या पुडीत मिसळू नका. सुक्या तुकड्यात चीक दिसत नाही, साल गळून गेलेली असते, आणि भरड असेल तर नुसत्या डोळ्यांनी मीसुद्धा सांगू शकणार नाही. ते सूक्ष्मदर्शकाचं काम. पुडीवर वनस्पतीचं नाव, बॅच, तारीख आहे?

जाईजुई
पेनाने "गिलोय" लिहिलंय. बस.

पालक_एमपी
विषय निघालाच आहे तर विचारतो. मुलगी बारावीला आहे, बायोलॉजी. फार्मसीला घालावी का? इंदूरमध्ये चांगलं कुठे? डी.फार्म. केलं तर दुकान टाकता येईल ना?

काउंटरमागून
डी.फार्म. दोन वर्षं, शिवाय 500 तासांचं प्रशिक्षण. आता नोंदणीआधी एक्झिट परीक्षाही आहे. बी.फार्म. चार वर्षं, फार्म.डी. सहा. इंदूरमध्ये एसजीएसआयटीएसमध्ये फार्मसी विभाग आहे, देवी अहिल्या विद्यापीठातही आहे. पण फक्त दुकानासाठी घालू नका. मुलीला लोकांशी बोलायची आवड असेल तर जरूर घाला.
आता मूळ प्रश्नाकडे. मी रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे. सगळे वेलीच्या मागे लागलेत, बाबांच्या गोळ्या कुणीच विचारल्या नाहीत. जाईजुई, घरातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर काढा. मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडा. त्याखाली बारीक अक्षरात जे लिहिलंय ते इथे टाका. आणि दिवसाला किती घेतात तेही.

जाईजुई
शुगरची मेटफॉर्मिन, दोनदा. थायरॉइडची सकाळी, बरीच वर्षं. त्या नेहमीच्याच आहेत म्हणून लिहिल्या नव्हत्या. बाकीच्या अधूनमधून. गुडघ्यांसाठी एक: पॅरासिटॅमॉल 650, तीनदा. दुसरी "जोराची", म्हणजे जास्त दुखलं तर: असेक्लोफिनॅक 100, पॅरासिटॅमॉल 325, दोनदा. सर्दीची: पॅरासिटॅमॉल 500 आणि आणखी दोन नावं, तीनदा. गेला आठवडाभर सर्दी होती.

काउंटरमागून
आता बेरीज करा. 650 तीनदा म्हणजे 1950. 325 दोनदा म्हणजे 650. 500 तीनदा म्हणजे 1500. एकूण 4100 मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल एका दिवसात. धडधाकट प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000, आणि वय झालेल्या किंवा यकृत आधीच दुखावलेल्या माणसाची त्याहून कमी. बाबांना वाटतंय ते तीन वेगळी औषधं घेताहेत. शिवाय असेक्लोफिनॅकही एसजीपीटी वाढवू शकतं. रोज काउंटरवर हेच बघतो, एक पट्टी तापाची, एक अंगदुखीची, एक सर्दीची, तिन्हींत तेच, आणि विचारायला कुणाला वेळ नसतो. देणाऱ्यालाही नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. औषध हातात ठेवताना दोन वाक्यं बोलणं आमच्या शिक्षणाचा भाग आहे.

हिरवा_काढा
बघा! गुळवेल सुटली.

यकृतमित्र
सुटली नाही. दोन संशयित झाले. त्यात थायरॉइडही निघाला, ते डॉक्टरांना ठळकपणे सांगा. कोणामुळे झालं ते डॉक्टर ठरवतील, आपण इथून नाही. तोवर काढा आणि पॅरासिटॅमॉलच्या तिन्ही पट्ट्या बंद ठेवून आजच डॉक्टरांना फोन करा. एवढं पॅरासिटॅमॉल रोज गेलंय हे सोमवारपर्यंत थांबवून सांगायची गोष्ट नाही. मेटफॉर्मिन आणि थायरॉइडची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. डोळे पिवळे, लघवी गडद, उलट्या, पोटात उजवीकडे दुखणं, गुंगी, यातलं काहीही दिसलं तर फोनचीही वाट पाहू नका, सरळ कॅज्युअल्टी.

काउंटरमागून
आणखी एक. थायरॉइडची गोळी आणि सकाळचा काढा एकत्र घेतात का? ती गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे किमान अर्धा तास काही नाही.

रामबागवाले_काका
गुळवेलीसोबत तुळस लावली तर किडीचा त्रास कमी होतो असा माझा अनुभव आहे.

जाईजुई
डॉक्टरांशी आत्ता फोनवर बोलले. काढा आणि तिन्ही पट्ट्या बंद करायला सांगितल्या. उद्या सकाळीच पुन्हा रक्त द्यायचं आहे, पुडी आणि सगळ्या पट्ट्या घेऊन बोलावलंय. डोळे पांढरे आहेत, जेवण नीट आहे. सकाळी बाबा गोळी काढ्याबरोबरच गिळायचे, तेही सांगितलं. बाबा काढ्यासाठी नाराज आहेत, पट्ट्यांसाठी नाहीत. बेरीज मी त्यांच्यासमोर कागदावर मांडली, ती त्यांना पटली.

प्रयोगशाळा_नं_3
छान. डॉक्टरांना संशय वाटला तर ही नोंद पुढे जायला हवी, तसं त्यांना सुचवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद रुग्णाच्या घरचेही करू शकतात, त्यासाठी 1800-180-3024 हा मोफत क्रमांक आहे. गुळवेलीचंही सांगा, फक्त गोळ्यांचं नको. पुडीतले चार तुकडे वेगळ्या कोरड्या बाटलीत ठेवा, वर तारीख आणि दुकान लिहा. डॉक्टरांचं झालं की माझ्याकडे पाठवा, विद्यार्थ्यांकडून काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघते. मला व्यक्तिगत निरोप करा.

पालक_एमपी
फार्म.डी.ला बायोलॉजीच लागते की मॅथ्सही चालतं?