ओव्हरफ्लोच्या यू-ट्यूबमध्ये हवा धरते, सायफन तुटतो, काय करू?

कुडाळकर_टँक
नमस्कार मंडळी, माझी गोड्या पाण्याची फिश टँक आहे, ४ × १.५ × १.५ फूट, झाडं लावलेली, खाली सम्प (फिल्टरची दुसरी टाकी). काचेला भोक नाही म्हणून मागे टांगायचा ओव्हरफ्लो लावलाय, म्हणजे एक बॉक्स टाकीच्या आत, एक बाहेर, आणि काठावरून दोघांना जोडणारी उलट्या यू आकाराची नळी (यू-ट्यूब), तिच्यातून सायफनने पाणी खाली उतरतं; यू-ट्यूब दीड इंची, पाणी परत वर चढवणारा रिटर्न पंप ताशी १००० लिटरचा. होतं काय की यू-ट्यूबच्या वरच्या वाकणात हळूहळू हवा जमते, मग पाणी उतरायचं मंदावतं आणि वरची टाकी काठोकाठ. परवा रात्री लाईट जाऊन आली आणि सायफन परत धरलाच नाही, सकाळी हॉलभर पाणी, आई म्हणते विकून टाक ती टाकी. पावसाळ्यात इकडे लाईटचा भरवसा नाही हे काय सांगायला नको. ही हवा येते कुठून?

सड्यावरचा
भावा, डोंगरातल्या झऱ्यावरून वाडीत पाईपने पाणी आणतात ना, त्यात जिथे पाईप उंचवट्यावरून जातो तिथेच हवा धरते, तसंच आहे हे. वाकणात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो त्यामुळे पाण्यात विरघळलेली हवा तिथे सुटते, शिवाय झाडांचे आणि एअरस्टोनचे (हवा सोडणाऱ्या दगडाचे) बारीक बुडबुडे वाहत येतात ते वेगळेच. पाणी जोरात असेल तर ते सगळं ओढून नेतं, पण तुझी नळी दीड इंची आणि पंप लहान. एक इंची नळीच्या सव्वादोन पट तिचं तोंड, म्हणजे तेवढ्याच पाण्याला वेग निम्म्याहून कमी, बुडबुडा वरच अडकून बसणार. जाड नळी म्हणजे सेफ असं वाटतं पण इथे उलट आहे. एक इंची लाव, फक्त पंपाचं सगळं पाणी ती आरामात उतरवते का ते आधी बघ. आणि नळी आतून बुळबुळीत झाली असेल तर ब्रश मार, त्या थराला बुडबुडे चिकटतात.

खाडीकाठची
वरचं बरोबर आहे पण आधी आतल्या बॉक्सचा स्पंज बघा. तो चोंदला की बॉक्समधली लेवल उतरते, नळीचं तोंड उघडं पडतं आणि ती सरळ हवाच ओढते, गुरगुर आवाज येतो तेव्हा. एअरस्टोन ओव्हरफ्लोपासून लांब न्या. लाईट गेल्यावर दोन्ही बॉक्समध्ये नळीची टोकं पाण्यात बुडालेली राहायलाच हवीत, तरच लाईट आल्यावर सायफन आपोआप धरतो. यू-ट्यूबच्या माथ्यावर निप्पल (नळी जोडायचं बारीक तोंड) असेल तर तिथून बारीक एअरलाईन काढून टाकीतल्या पॉवरहेडच्या (पाण्यात बुडवायच्या छोट्या पंपाच्या) व्हेंचुरीला, म्हणजे हवा ओढणाऱ्या तोंडाला जोडा, जमलेली हवा सतत ओढली जाते. मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (उलटं येऊ न देणारा) टाका आणि पॉवरहेड पूर्ण पाण्याखाली ठेवा, नाहीतर लाईट गेल्यावर त्याच वाटेने हवा आत शिरेल. ॲक्वा लिफ्टर नावाचा छोटा पंप पण मिळतो, काम तेच, फक्त त्याची नळी कचऱ्याने तुंबते, लक्ष ठेवावं लागतं.

कुडाळकर_टँक
ताई, निप्पल आहे, आजच जोडतो. पण लाईट गेली की पॉवरहेड पण बंद ना? आणि रात्री काही झालं तर परत हॉलमध्ये पाणी?

खाडीकाठची
बंद होतो, पण व्हॉल्व्ह असेल तर नळी भरलेलीच राहते, लाईट आली की परत ओढायला लागतो.

माडबनी
दादानू, सायफन कधीतरी तुटणारच हे धरूनच सेटिंग करायचं. तुमच्या टाकीत एक इंच पाणी वाढलं म्हणजे साधारण १४ लिटर. काठाखाली दोन इंच मोकळं असेल तर २८ लिटर मावतील. मग सम्पच्या पंपाच्या कप्प्यात पंप हवा ओढेपर्यंत २५ लिटरपेक्षा जास्त पाणी निघता कामा नये, कप्पा मोठा असेल तर पार्टिशन टाकून लहान करा. तेवढं केलंत की सायफन तुटला तरी पंप कोरडा पडेल, फरशी कोरडी राहील. पंप जळू नये म्हणून कप्प्यात फ्लोट स्विच लावा, पाणी उतरलं की तो पंप बंद करतो. आणि रिटर्न पाईपला पाण्याच्या लेवलच्या जरासं खाली बारीक भोक पाडा, लाईट गेल्यावर उलटं पाणी खाली येऊन सम्प ओसंडत नाही, ते भोक शेवाळाने बुजतं तेवढं साफ करत जा. सगळं लावून झालं की दिवसा समोर उभं राहून मुद्दाम नळीत हवा सोडून बघा, वरची टाकी काठाखाली थांबते का.

सड्यावरचा
आणि पुढे कधी टाकी रिकामी केलीस तर भोकच पाडून घे, साधी काच असेल तर पडतं, टफन्ड असेल तर हात लावू नको, फुटते.