पोर जेवत नाही! तुमच्या घरी काय झालं ते लिहा

लेक अडीच वर्षांची. उठल्या उठल्या बाटलीभर दूध, दहाला पोळीचा कुस्करा, साडेबाराला वरणभाताची वाटी घेऊन गॅलरी, जिना, पार्किंग अशी आमची वारी निघते. चिऊचा घास होतो, काऊचा होतो, वॉचमनकाकांचाही होतो. शेवटी मोबाइल. तिच्या पोटात चार घास, उरलेलं माझ्या. वजन 11 किलो. सासूबाई म्हणतात दात येतायत, आई म्हणते दृष्ट लागली, डॉक्टर म्हणतात बरी आहे की. तुमच्याकडे काय उपयोगी पडलं आणि काय साफ फसलं ते मोकळेपणी लिहा. ‘आमची पहिल्यापासून सगळं खायची’ असं लिहायचं असेल तर मात्र हात आवरा, प्लीज.

दूधपोहे
तुझ्या त्या बाटलीवरच थांबले. आमचा मुलगा अगदी असाच. जेवत नाही म्हणून दूध, आणि दूध पोटात म्हणून जेवण नाही. दिवसाला लिटरभर जायचं आणि मला अभिमान वाटायचा, निदान दूध तरी पितोय! मग तो भिंतीचे पोपडे खायला लागला. घरात सगळे म्हणाले जंत झालेत. जंताचं औषध दिलं, पोपडे चालूच. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.2. या वयाला 11 तरी हवं. दुधात लोह जवळपास नसतंच, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरात दूध म्हणजे पूर्णान्न!

डॉक्टरांनी दूध दोन कपांवर आणलं, तेही कपातूनच. पहिले चार दिवस घरात शिमगा. पाचव्या दिवशी त्यानं आपण होऊन डाळीची वाटी ओढली. मला खरंच रडू आलं. लोहाचं औषध तीन महिने चाललं. ते दुधाबरोबर द्यायचं नाही, लिंबूपाण्याबरोबर दिलेलं चांगलं. शी काळी होते, घाबरू नकोस, मी घाबरले होते. आता पालेभाजीच्या धिरड्यावर आणि डाळीवर लिंबू पिळतेच. आणि हो, चहात बुडवून बिस्किट बंद. चहा लोह अंगी लागू देत नाही.

आजोबा_कोथरूड
नातू जेवत नाही म्हणून मी त्याच्यासमोर बसून भाकरी-पिठलं मिटक्या मारत खाल्लं. तो जेवला नाही. माझं वजन वाढलं.

नागली
मी अंगणवाडी सेविका, तालुका जव्हार. तुमचं वाचून हसू आलं आणि थोडं वाईटपण वाटलं. आमच्याकडची पोरं ताट पुसून खातात, भरवायला माणूस नसतं. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर जातात, पोरं बरोबर. पावसाच्या तोंडावर परत येतात तेव्हा दंडाला पट्टी (घेर मोजून कुपोषण ओळखायची) लावायची मलाच भीती वाटते. 12.5 सेंटिमीटरच्या खाली पिवळा, 11.5 च्या खाली लाल. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत तीच पट्टी.

एक गोष्ट मात्र तुमच्या आमच्यात सारखी. बारकं पोर मोठ्यांसारखं दोनदाच जेवून कसं भागेल? पोट असतं मुठीएवढं. मी आयांना सांगते, भात पातळ पाणी करू नका, चमच्यावर टिकला पाहिजे. नागलीच्या भाकरीत चमचाभर तेल कुस्करा. अमृत आहारातलं (आदिवासी भागातली सरकारी योजना) अंडं किंवा केळं घरी नेऊन सगळ्यांत वाटू नका, माझ्यासमोर खाऊ द्या. गेल्या वर्षी एक मुलगी लालमधून पिवळ्यात आली, मग हिरव्यात. पुढच्या दिवाळीला ती परत भट्टीवर गेली. या वर्षी अजून आलेली नाही.

दूधपोहे
नागलीताई, वाचून गप्प झाले.

इसारकाठचा
म्युनिकहून लिहितोय. मुलगा दोन वर्षांचा असताना किटात (इथलं पाळणाघर) घातला. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, घरी याला भरवतं कोण? म्हटलं, आम्हीच, दुसरं कोण? त्या नुसत्या हसल्या. तिथं टेबलावर मोठे वाडगे असतात, पोरं स्वतःच्या हातानं वाढून घेतात, सांडतात, उरलेलं तसंच राहतं. कुणी ‘अजून एक घास’ म्हणत नाही. आमचा तीन दिवस ब्रेडच्या कडा चघळत बसला. चौथ्या दिवशी बटाटे घेतले.

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची एक वाटणी आहे: काय, कधी आणि कुठे वाढायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, ते पोरानं. (आमच्या घराण्यात वाटणी म्हटलं की कोर्ट, तरी ही पटली.) साताऱ्याहून आई तीन महिने आली होती. तिच्या मते आम्ही पोर उपाशी मारतोय. ती चोरून शिरा भरवायची, तो तिच्याकडून खायचा, आमच्याकडे स्वतःच्या हातानं. दोन्ही चाललं. सगळं पुस्तकाप्रमाणे झालं पाहिजे असं काही नाही.

अजून एक. पहिल्या वर्षी वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षी जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. म्हणजे भूक कमी होणारच. हे आधी कळलं असतं तर निम्मी भांडणं वाचली असती.

कूटवाली
विषय जरा वेगळा, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. पौष्टिक म्हणून भाजलेले दाणे वाटीत दिले होते. पळता पळता खात होता. ठसका लागला, थांबला, सगळे विसरलो. दोन दिवस खोकला आणि छातीत शिट्टीसारखा आवाज. दाणा श्वासनलिकेत अडकलेला, भूल देऊन दुर्बिणीतून काढावा लागला. तेव्हा तो 20 महिन्यांचा होता. दाणे सोडले नाहीत, फक्त कूट करून देते. द्राक्षं उभी चिरून, चार भाग. आणि खाताना बसायचं, पार्किंगमध्ये फिरत नाही. धागाकर्ती, हे तुलाच.

धागाकर्ती
कूटवाली, आजपासून पार्किंग बंद. बाटली कालच माळ्यावर टाकली. रात्री दोनदा रडली, शेजाऱ्यांनी बेल वाजवली. सकाळी काहीच नाही खाल्लं. दुपारी आमच्याबरोबर खाली बसवलं, ताटलीत मऊ भात, मेतकूट, तूप. भात केसांत गेला, मेतकूट कानात. सहा घास पोटात गेले असतील, मी मोजायचं नाही ठरवलं होतं तरी मोजले. बहिणीचं बाळ आता सात महिन्यांचं होईल, कुणाकडे खिमटाचं प्रमाण आहे का?

मालवणची आजी
तीन वाट्या जुना तांदूळ, एक वाटी बिनसालाची मूगडाळ, चमचाभर जिरं. तांदूळ-डाळ धुऊन सावलीत फडक्यावर कडक वाळव. मग वेगवेगळं मंद भाज, डाळीला वेळ लागतो. जिरं शेवटी. रव्यासारखं दळ, पीठ करू नको. दोन चमचे खिमट कपभर पाण्यात, सतत ढवळत. वर तूप. वर्षाच्या आत मीठ, साखर नको, मध तर मुळीच नको, कुणी चाटवायला सांगितला तरी. डबा कोरडा ठेव, पंधरा दिवसांचंच करायचं.