किवी: तुमच्या घरी कधी आली, कशासाठी आली?

काजवा:
काल रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ फळांच्या गाडीवर किवीचा डबा दिसला आणि एकदम बाबांचा डेंग्यू आठवला. २०१७, श्रावण. प्लेटलेट रोज खाली. शेजारच्या काकी म्हणाल्या, किवी दे, चढतात. भर पावसात स्कूटर काढली, पाचव्या दुकानात मिळाली, चाळीस रुपयांना एक. आईने आडवी कापली. हिरवागार गर, मधे पांढरा डोळा, भोवती काळ्या बिया. चमच्याने भरवली. बाबा म्हणाले, "करवंदासारखी लागते गो, अजून दे." आठ दिवसांत पेजेशिवाय त्यांनी मागून खाल्लेली ही पहिली वस्तू.
प्लेटलेट चढल्या. डॉक्टर म्हणाले, ताप उतरला की काही दिवसांनी त्या आपल्याआपण चढतात, श्रेय किवीला देऊ नका, पाणी पाजत राहा. बरोबरच आहे. तरी त्या फळावर माझी माया बसली ती बसलीच.
तुम्हीही सांगा.

सुपारीबाग:
सासूबाईंसाठी. पोट साफ होत नव्हतं. रोज सकाळी दोन, तिसऱ्या आठवड्यात फरक जाणवला. १०० ग्रॅमला ३ ग्रॅम तंतू असतात म्हणे. पाणी भरपूर प्यायला लावलं, ते महत्त्वाचं.

वेंगुर्ल्याची:
दूध घालून मिक्सरला लावू नका!! लेकीच्या वाढदिवसाला शेक करून फ्रीजमध्ये ठेवला, तासाने कडू विष. पाच पेले ओतले. लेक रडायला लागली. कच्च्या किवीत अ‍ॅक्टिनिडिन असतं, ते दुधातली प्रथिनं फोडतं. करायचाच तर करून लगेच प्या.

सुपारीबाग:
अगं बाई! माझी जिलेटिनची जेली म्हणूनच जमली नव्हती तर.

आडवली:
मला राग येतो तो एवढाच, की परसात पेरू पडून असतात आणि आपण किवी शोधत फिरतो. १०० ग्रॅम हिरव्या किवीत क जीवनसत्त्व साधारण ९० मिलिग्रॅम, पेरूत त्याच्या दुपटीहून जास्त. आवळा तर पुढेच. आणि बोंडू? तेही क जीवनसत्त्वाने भरलेले. काजूची बी काढून घेतली की झाडाखाली बोंडवांचा खच, दोन दिवसांत आंबूस वास, माश्या. आजी मीठ लावून द्यायची. घशाला खवखवायचे तरी खायचो. किवी वाईट नाही हो, पोराबाळांना आपलंही द्या एवढंच म्हणतो.

काजवा:
@आडवली पटलं. आमच्याकडे पेरू होतेच, पण आजारी माणसाला बिया चावत नाहीत.

दर्यावर्दी:
मी बोटीवर असतो. न्यूझीलंडच्या टौरंगा बंदरात किवी भरायला गेलो होतो. तिथला एक फोरमन साल नीट धुऊन, न सोलता, सफरचंदासारखी खात होता. मीही खाल्ली. लव जिभेला टोचते, सवय होते. फळ मूळचं चीनचं, किवी हे नाव १९५९ मधलं, तिथल्या पक्ष्यावरून. आता आपल्या अरुणाचलात झिरोलाही होते.

चिपळूणकरीण:
कोणाकडे पाऊस आहे का? इकडे वाशिष्ठी बघून धडधडतंय.

सुपारीबाग:
गुहागरला धो धो. तुम्ही वरच्या मजल्यावर सामान हलवा.

अढी:
कडक किवी घरात आली की आम्ही मे महिन्यात सरळ आंब्याच्या अढीत, पेंढ्यात ठेवायचो. तीन दिवसांत मऊ. पिकत्या आंब्याचा वायू लागतो तिला. एरवी केळ्यासोबत कागदी पिशवीत. अंगठ्याने हलकं दाबलं तर दबली पाहिजे.

पागोळी:
कृपया वाचा. माझ्या मुलाला चौथ्या वर्षी पहिली फोड खाताच ओठ सुजले, अंगभर गांधी. तसंच उचलून दवाखाना गाठला. ज्यांना रबरी हातमोज्यांची किंवा केळ्याची अ‍ॅलर्जी आहे, त्यांनाही किवीने त्रास होऊ शकतो. लहान मुलाला पहिल्यांदा अगदी थोडी द्या आणि जवळ बसून राहा.

वेंगुर्ल्याची:
बापरे. आता कसा आहे?

पागोळी:
बरा आहे, सातवीत आहे. फणस दाबून खातो, किवी नाही.

मिठागर:
मामांचं डायलिसिस चालू आहे. कोणीतरी प्रेमाने किवीची पेटी आणली, डॉक्टरांनी नको म्हटलं, पोटॅशियम. रक्त पातळ करायच्या वॉरफरिनसारख्या गोळ्या असतील तर के जीवनसत्त्वासाठीही विचारून घ्या. पेटी आम्ही भाचरांनी संपवली. मामा बघत बसले, वाईट वाटलं.

चिपळूणकरीण:
सामान वर नेलं. पाणी अजून बाजारपुलाखाली आहे. आता चहा टाकते. काजवा, बाबा आता कसे?

काजवा:
छान आहेत. आत्ता पागोळ्यांखाली बादल्या लावतायत.