चंदीगड खुर्चीची बैठक लोंबतेय

प्रश्न: जुन्या बाजारातून सागवानी खुर्ची उचलली. पाय उलट्या व्ही आकाराचे, पाठ-बैठक वेताची. दुकानदार म्हणे, ‘चंदीगडची अस्सल!’ बैठक मात्र झोळी झालीय. काय करू?

उत्तर: अस्सल बहुधा नसणार, नकला ढीगभर आहेत. वास्तुविशारद पिअर जानरे १९५१ ते १९६५ चंदीगडला होता, तिथल्या कचेऱ्यांसाठी त्याने आखलेल्या या खुर्च्या. पुढे भंगारात निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखोंना गेल्या.

उत्तर: वेत तुटला नसेल तर खालून ओलं फडकं तासभर लावून ठेवा, मग सावलीत वाळवा. आक्रसून ताणतो. आजोबांच्या आरामखुर्चीला मी दर मे महिन्यात हेच करते. उन्हात नको हं, तडकतो.

प्रश्नकर्ता: केलं, बरीच वर आली! कोपऱ्यातल्या दोन पट्ट्या तुटल्यात, तिथे सध्या मांजर बसतं.