इंग्लंडमधील द्राक्षमळ्याची सहल: कोणता मळा निवडावा आणि तेथे काय पाहावे?

वेळूवन
नमस्कार. आम्ही रेडिंगला राहतो आणि सप्टेंबरच्या अखेरीस माझे सासू-सासरे आमच्याकडे येणार आहेत. सासरे कृषी खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे राजवाडे आणि संग्रहालये यांपेक्षा एखादा इंग्लिश द्राक्षमळा पाहण्याची त्यांना अधिक उत्सुकता आहे. वाईन चाखण्याची हौस मात्र मुख्यतः मला आणि माझ्या पत्नीला आहे. सासूबाई शाकाहारी आहेत आणि मद्य घेत नाहीत, तरी निवांत बसून जेवता येणार असेल तर यायला त्यांची हरकत नाही. एका दिवसात दोन मळे पाहून होतील का, मोटार न्यावी की रेल्वेने जावे, आणि मार्गदर्शकासह होणाऱ्या फेरीत शेतीविषयी खरोखर काही सांगतात की बाटल्या खपवण्यावरच सारा भर असतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

डोंगरवाट
रेडिंगहून निघणार असाल तर सरे परगण्यातील डॉर्किंगजवळच्या डेन्बीज या मळ्याचा विचार आधी करावा, आणि त्याचे कारण वाईन नसून रेल्वे हे आहे. रेडिंगहून गॅटविककडे जाणारी गाडी डॉर्किंग डीपडीनला थांबते आणि तेथून मळ्यापर्यंत चालत जाता येते, त्यामुळे परतताना गाडी कोण चालवणार हा प्रश्नच उरत नाही. १९८६ मध्ये लागवड सुरू झालेला हा द्राक्षमळा २६५ एकरांचा असून तो नॉर्थ डाउन्स टेकड्यांच्या उतारावर आहे, बॉक्स हिल जवळच आहे, आणि आवारातून सार्वजनिक पायवाटा जात असल्यामुळे तिकीट न काढताही वेलींच्या कडेने हिंडता येते. चढण झेपत नसेल त्यांच्यासाठी मळ्यातून फिरवणारी छोटी पर्यटक-गाडी आहे, तेव्हा सासूबाईंचे गुडघे हा अडथळा ठरू नये.

दोन मळ्यांचा बेत मात्र सोडून द्यावा. चाखण्यासाठी दिलेला पेला पाहून हसू येते इतका तो लहान असतो, पण ५० मिलिलिटरचे पाच पेले म्हणजे २५० मिलिलिटर झाले, आणि वाईन १२ टक्क्यांची असेल तर येथील मोजणीनुसार ती तीन युनिट (एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल) भरतात. इंग्लंडमध्ये वाहनचालकासाठी रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे, स्कॉटलंडमध्ये ती ५० आहे, परंतु त्या आकड्याच्या भरवशावर चक्रधराने चव घेणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. मोटार न्यायचीच असेल तर चालवणाऱ्याने वाईन तोंडात घोळवून समोर ठेवलेल्या भांड्यात थुंकावी. त्यात येथे कोणालाही काही वावगे वाटत नाही, उलट चाखणारा जाणता आहे असेच समजले जाते.

खडूमाती
सासऱ्यांच्या दृष्टीने आपण वेळ फार चांगली निवडली आहे, कारण येथील तोडणी साधारणपणे सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरभर चालते. दक्षिण इंग्लंडमध्ये फसफसणाऱ्या वाईनसाठी प्रामुख्याने शार्दोने, पिनो न्वार आणि म्यूनिए या जाती लावतात. त्यांतील शेवटच्या दोन काळ्या सालीच्या असूनही त्यांचा रस जवळजवळ रंगहीन असतो. सालीचा रंग रसात उतरू नये म्हणून घड हाताने तोडून अख्खेच्या अख्खे हळुवार दाबतात. मार्गदर्शकाच्या परवानगीने पिनो न्वारचा एक मणी बोटांत चिरडून पाहायला सासऱ्यांना जरूर सांगा: साल काळीभोर, बोटावर ओघळणारा रस मात्र फिकट, आणि चव गोड असली तरी पाठोपाठ दात आंबवणारी. थंड हवेमुळे टिकून राहणारा हा आंबटपणाच येथील फसफसणाऱ्या वाईनचे भांडवल आहे.

फेरीत शेतीविषयी किती सांगतात हे विचारणाऱ्यावर अवलंबून असते. कृषी खात्यातला माणूस सोबत असेल तर खुंटाचा, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर वेलीचे कलम बांधतात त्याचा, प्रश्न अवश्य विचारावा. दक्षिणेकडील पुष्कळ मळे खडूच्या जमिनीवर आहेत. तिच्यात पाण्याचा निचरा उत्तम होतो आणि तरीही खाली ओल टिकते, परंतु चुन्याच्या आधिक्यामुळे वेलीला लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात, म्हणून ४१ बी किंवा फेरकाल यांसारखे चुना सोसणारे खुंट वापरावे लागतात. भुरी आणि केवडा हे आपल्या ओळखीचे शत्रू येथेही आहेतच. छाटणी मात्र वर्षातून एकदाच, हिवाळ्यात वेल सुप्तावस्थेत असताना होते, आणि खरी धास्ती एप्रिल-मेच्या रात्री पडणाऱ्या हिमतुषाराची असते, कारण तोवर डोळे फुटलेले असतात. अशा रात्री ओळींमध्ये मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून कोंब वाचवले जातात.

वायनरीत गेल्यावर बाटलीच्या तोंडाकडे लक्ष द्यावे. फसफसणाऱ्या वाईनचे दुसरे किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचे अल्कोहोल करण्याची क्रिया, बाटलीतच होते, यीस्टचा गाळ महिनोन्‌महिने, अनेकदा काही वर्षे, वाईनच्या संगतीत ठेवतात, मग बाटली थोडी थोडी फिरवत उलटी करून तो गाळ तोंडाशी आणतात आणि तेवढा भाग गोठवून आतल्या दाबानेच बाहेर उडवतात. भाजलेल्या पावासारखा जो वास येतो, तो या गाळाच्या सहवासाचा.

पैलतीर
डेन्बीजच्या सोयीविषयी दुमत नाही, पण इतक्या मोठ्या ठिकाणी स्वतः वेल छाटणारा माणूस भेटेलच असे नाही, आणि निवृत्त कृषी अधिकाऱ्याला नेमका तोच हवा असणार. मी असतो तर मोटार चालवण्यासाठी एकाने न पिण्याचे पत्करून हॅम्पशायरमधील हॅम्बल्डनला गेलो असतो. आधुनिक काळातील पहिला व्यावसायिक इंग्लिश द्राक्षमळा सर गाय सॅलिस्बरी-जोन्स यांनी १९५२ मध्ये तेथेच लावला. शिवाय अठराव्या शतकात ज्या क्लबने क्रिकेटला वळण लावले तो याच गावचा, तेव्हा वाईनचे वावडे असलेल्यालाही तेथे पाहण्यासारखे काही आहे. मुक्काम करता येणार असेल तर ईस्ट ससेक्समध्ये आल्फ्रिस्टनजवळ रॅथफिनी आहे, जेथे वेलींच्या ओळींपासून समुद्र फार दूर नाही आणि वाऱ्याला अडवण्यासाठी झाडांचे पट्टे मुद्दाम लावावे लागले आहेत.

वेळूवन
सर्वांचे आभार. सासऱ्यांना खुंटाविषयीचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी वही काढली. एक शंका उरते: पत्नीही शाकाहारी आहे, आणि वाईन गाळताना माशांपासून केलेला पदार्थ वापरतात असे तिने ऐकले आहे. ते खरे आहे का? आणि जेवणाचे काय करावे?

खडूमाती
ते खरे आहे, पण सर्वच वाईनच्या बाबतीत नाही. वाईन नितळ करण्यासाठी माशांच्या वाताशयापासून काढलेले आयझिनग्लास, जिलेटिन, अंड्यातील पांढरा बलक किंवा दुधातील केसीन वापरण्याची पद्धत जुनी आहे. त्याऐवजी बेंटोनाइट ही माती किंवा वाटाण्याचे प्रथिन वापरूनही काम भागते, आणि आता कित्येक उत्पादक तसेच करतात. बाटलीच्या मागील चिठ्ठीवर ‘व्हीगन’ असा उल्लेख असेल तर निश्चिंत राहावे, नसेल तर चाखण्यापूर्वी विचारावे, कारण हा प्रश्न तेथे नवा नाही.

जेवणाची जागा मात्र फेरीबरोबरच राखून ठेवावी आणि सासूबाईंना मासे व अंडीही चालत नसतील तर ते त्याच वेळी स्पष्ट लिहून कळवावे, कारण येथील काही लोकांच्या समजुतीने मासे खाणारा माणूसही शाकाहारीच असतो. चीजसंबंधीही विचारून ठेवलेले बरे, कारण काही चीजमध्ये वासराच्या जठरातील, दूध साकळवणारे रेनेट असते. शक्यतो आठवड्याच्या मधला वार निवडावा, फेरी सकाळची घ्यावी, निघण्यापूर्वी घरी भरपेट न्याहारी करावी, आणि सर्वांनी जाड तळव्याचे बूट घालावेत, कारण ओला खडू भलताच निसरडा असतो.