स्कूबा करताना कॅमेरा हाती घेतल्यावर हवेकडे आणि खोलीकडे लक्ष कसे ठेवावे?

प्रश्न
अंदमानातील हॅवलॉकला ओपन वॉटरचा (स्कूबाचा प्राथमिक) अभ्यासक्रम पूर्ण केल्यापासून माझ्या ११ डाइव्ह झाल्या आहेत. जानेवारीत कर्नाटकातील मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला जायचे असून या वेळी हाउसिंगसह (पाणी आत न येऊ देणारे आवरण) छोटा कॅमेरा न्यावा असे मनात आहे. मागच्या खेपेस उसन्या कॅमेऱ्याने एका लायनफिशचे चित्रण करताना मी इतका गुंतलो की, प्रशिक्षकांनी खांद्याला हात लावला तेव्हा सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर जेमतेम ६० बार (दाबाचे एकक) उरले होते आणि ठरलेल्या १२ मीटरऐवजी मी १६ मीटरवर उतरलो होतो. हे पुन्हा घडू नये यासाठी काय करावे? शिवाय माझे सगळे फोटो निळसर आणि पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले का येतात?

प्रतिसाद १
पाण्यात एका जागी, हातपाय न मारता स्थिर राहता येईपर्यंत कॅमेरा बोटीवरच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तोल सावरण्यातच मन गुंतले असेल तर त्यात कॅमेऱ्याची भर पडल्यावर गेजकडे लक्ष जाणारच नाही. नंतरही प्रत्येक फोटोआधी गेज आणि फोटोनंतर बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, पाहण्याची सवय लावून घ्यावी. सिलिंडर २०० बारचा असेल तर १०० वर परतण्याची खूण करावी आणि बोटीवर पोहोचताना निदान ५० शिल्लक असावेत.

याहून महत्त्वाची गोष्ट श्वासाची आहे. चित्र हलू नये म्हणून बटण दाबताना श्वास रोखण्याची जमिनीवरची सवय पाण्यात जिवावर बेतू शकते, कारण १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि तिथे रोखलेला श्वास घेऊन वर सरकल्यास फुप्फुसांतली हवा प्रसरण पावून ती फाटू शकतात. संथ उच्छ्वास चालू असतानाच बटण दाबावे.

प्रतिसाद २
ठिपक्यांचे कारण सांगतो. पाण्यात तरंगणारे कण फ्लॅशचा प्रकाश थेट भिंगाकडे परतवतात. फ्लॅश भिंगापासून दूर, दोन्ही बाजूंना धरावा आणि मुख्य म्हणजे विषयाच्या जवळ जावे. मालवणसारख्या गढूळ पाण्यात दोन मीटरवरून काढलेला फोटो वायाच जातो. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून निळसरपणा येतो. तोही जवळून टाकलेल्या प्रकाशानेच भरून निघतो.

मात्र जवळ जाताना आधारासाठी प्रवाळावर हात टेकवू नये. ज्याला आपण खडक समजतो तो कधी कधी विषारी काट्यांचा स्टोनफिश असतो, आणि प्रवाळाला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे.

प्रतिसाद ३
हाउसिंगच्या ओ-रिंगवर (झाकणातून पाणी शिरू न देणारी रबरी कडी) अडकलेल्या एका केसामुळे माझा कॅमेरा गेला. तेव्हापासून मी रिंग बोटाने चाचपून मगच झाकण लावतो आणि नवे हाउसिंग प्रथम कॅमेऱ्याशिवाय, आत टिश्यू कागद ठेवून पाण्यात नेतो. कागद ओला झाला की गळती कळते. कॅमेरा मनगटाला न बांधता बीसीडीच्या (तरंगण्यावर ताबा ठेवणारे जॅकेट) डी-रिंगला, म्हणजे त्यावरच्या कडीला, क्लिपने अडकवावा, म्हणजे गरज पडल्यास दोन्ही हात मोकळे होतात.

डाइव्ह चालू असताना हाउसिंगमधून बुडबुडे निघताना दिसले तरी कॅमेरा वाचवण्यासाठी घाईने वर येऊ नये. मिनिटाला ९ मीटरहून जास्त वेग न ठेवता, ५ मीटरवर ३ मिनिटे थांबूनच वर यावे. त्या ३ मिनिटांत माझ्या हाउसिंगमध्ये पाणी चढताना मला डोळ्यांदेखत दिसत होते.